स्त्रीराज्याची उलटी वाट : रोकेया सखावत हुसेन यांच्या ‘सुलतानाज ड्रीम’ या कथेचा विचार

भारतीय भाषांतील कथापरंपरेस ‘स्त्रीराज्य’ ही कल्पना नवी नाही. मराठी वाचकाच्या ती दोन वाटांनी परिचयाची झालेली आहे. पहिली वाट जैमिनी अश्वमेधाची. श्यामकर्ण घोड्याच्या पाठोपाठ अर्जुन प्रमिलेच्या राज्यात येऊन पोहोचतो, घोडा अडविला जातो आणि प्रसंगाची परिणती अखेर विवाहात होते. श्रीधरांच्या प्रासादिक ओवीने हे आख्यान घरोघरी नेले. दुसरी वाट नाथसंप्रदायाची. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात गुंतून पडतात, राणी मैनाकिनीच्या सहवासात त्यांना योगाचे विस्मरण होते, आणि गोरक्षनाथ नाटकी मेळ्यात मिसळून, मृदंगाच्या बोलांतून गुरूला साद घालून त्यांची सुटका करतात. धुंडिसुत मालूच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या शके १७४१, म्हणजे सन १८१९ मधील ग्रंथामुळे ही कथा महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाली. बंगालीतही शेख फैजुल्ला यांच्या नावावर असलेल्या ‘गोरक्षविजय’ या काव्यात मीननाथ कदलीच्या देशात स्त्रियांच्या मोहात सापडतात आणि शिष्य गोरक्ष नर्तकीचा वेष घेऊन त्यांना सोडवून आणतो. दोन भाषांतील या कथांचे तपशील वेगळे असले, तरी त्यांची दृष्टी एक आहे. स्त्रीराज्य ही पुरुषाची वाट चुकण्याची जागा. कथा सांगणारा नेहमी सीमेवर, बाहेर पडू पाहणाऱ्या पुरुषाच्या बाजूला उभा असतो. त्या राज्यात धान्य कोण पिकवते, विहिरी कोण खणते, न्याय कोण करते, असले प्रश्न त्याला पडत नाहीत. मायानगरीला कारभार कशाला हवा?

हे प्रश्न ज्या कथेत प्रथम गांभीर्याने, आणि तितक्याच मिस्किलपणे, विचारले गेले ती कथा एका बंगाली मुसलमान स्त्रीने इंग्रजीत लिहिली आणि ती मद्रासच्या एका मासिकात छापून आली. रोकेया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही ती कथा. कमला सत्यनादन यांच्या संपादकत्वाखाली १९०१ मध्ये निघालेल्या ‘इंडियन लेडीज मॅगझीन’मध्ये ती १९०५ साली प्रसिद्ध झाली व १९०८ साली पुस्तकरूपाने निघाली. पुढे रोकेया यांनी स्वतःच ती बंगालीत आणली, आणि ‘मतिचूर’ या संग्रहाच्या १९२२ मधील दुसऱ्या भागात तिचा समावेश केला. विज्ञानकथा हा साहित्यप्रकार भारतीय भाषांत रुजण्याच्या कितीतरी आधीची ही कृती आहे. शार्लट पर्किन्स गिलमन यांची स्त्रीराज्याचे चित्र रंगविणारी प्रख्यात अमेरिकन कादंबरी तिच्यानंतर दहा वर्षांनी, १९१५ मध्ये आली. तथापि आधी कोण आणि मागाहून कोण, हा वाद येथे महत्त्वाचा नाही. समाजात जी गोष्ट निसर्गसिद्ध म्हणून स्वीकारली गेलेली असते, ती तशी नाही हे दाखविण्यासाठी अद्भुताचा उपयोग नेमका कसा होतो, हे ही चिमुकली कथा जितक्या स्वच्छपणे दाखविते तितके क्वचितच दुसरी एखादी दाखवील.

रोकेया यांचा जन्म १८८० मध्ये रंगपूर जिल्ह्यातील पैराबंद येथील जमीनदार घराण्यात झाला. घरात उर्दूचा वावर, मुलींना बंगाली व इंग्रजी शिकविण्यास बंदी. थोरल्या बहिणीने, करीमुन्निसा यांनी, बंगाली शिकविले. थोरले बंधू इब्राहिम साबेर यांनी रात्री घर निजल्यावर मेणबत्तीच्या उजेडात इंग्रजी शिकविले. भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी विवाह झाल्यानंतर त्यांच्या लेखनास पतीचे उत्तेजन मिळाले. पती दौऱ्यावर असता वेळ घालविण्यासाठी ही कथा लिहिली गेली. परत आल्यावर त्यांनी ती उभ्या उभ्याच वाचून काढली आणि हा तर एक भयंकर सूड आहे असा अभिप्राय दिला, अशी हकीकत रोकेया यांनीच नमूद केली आहे. हा अभिप्राय कौतुकाचा होता. परंतु कथेच्या मर्मावर त्याने नकळत बोट ठेवले. त्याचा विचार पुढे ओघाने येईलच.

कथेचे कथानक असे फारसे नाहीच. आरामखुर्चीत बसून हिंदुस्थानातील स्त्रियांच्या स्थितीचा विचार करीत असता निवेदिकेचा डोळा लागतो, किंवा लागतही नाही. ती त्याबद्दल साशंकच आहे. सारा नावाची एक परिचित भगिनी येऊन तिला बाहेर फिरावयास बोलाविते. रात्र आहे, नोकरमाणसे निजलेली आहेत, तेव्हा हरकत नाही, असा विचार करून ती निघते. बाहेर येऊन पाहते तो लख्ख सकाळ, रस्ते गजबजलेले, आणि रस्त्यात पुरुष एकही नाही. येथून पुढे दोघी चालत, पाहत, बोलत राहतात. एवढीच ही कथा. प्रवासवर्णन आणि प्रश्नोत्तर या दोन जुन्या, साध्या साच्यांवर ती उभी आहे. तिचे सामर्थ्य घटनांत नसून उलटापालट करण्याच्या शिस्तीत आहे.

ही शिस्त नीट पाहिली पाहिजे. रस्त्याने जाणाऱ्या बायका निवेदिकेकडे पाहून हसतात. का, असे विचारता सारा सांगते की तू त्यांना फार पुरुषी वाटतेस. पुरुषी म्हणजे काय? तर लाजाळू आणि भित्री. मराठी वाचकाला येथे क्षणभर थांबून आपल्याच भाषेकडे पाहावे लागते. ‘बायकी’ आणि ‘पुरुषी’ ही विशेषणे वर्णनाची म्हणून वापरली जातात, पण ती मूल्यांची असतात. ‘हातांत बांगड्या भर’ हा टोमणा बांगड्यांविषयी काहीच सांगत नाही. रोकेया यांनी शब्द तोच ठेवला, अर्थाचे पारडे तेवढे फिरविले, आणि एका शब्दात सबंध सामाजिक व्यवस्थेची शिवण उसवून दाखविली. गोषातील स्त्रीच्या ठिकाणी जो भित्रेपणा दिसतो तो तिच्या जातीचा नसून गोषाचा आहे. उद्या पुरुष गोषात गेला तर तोच गुण त्याच्या अंगी चिकटेल. हा सिद्धान्त ग्रंथांतून मांडावयाचा तर पाने खर्ची पडतील. येथे तो रस्त्यावरच्या एका हास्यात आटोपला आहे.

पुढचा युक्तिवाद वेड्यांच्या इस्पितळाचा. वेडे इस्पितळातून पळून रस्त्यावर धिंगाणा घालू लागले, तर तुमच्या देशात काय करतात, असे सारा विचारते. त्यांना धरून परत कोंडतात, हे उत्तर. मग शहाण्यांना कोंडून वेड्यांना मोकळे सोडणे तुम्हांला शहाणपणाचे वाटेल काय? नाही. तरीही तुमच्या देशात होते ते हेच. ज्यांच्यापासून उपद्रव संभवतो ते मोकळे, आणि ज्यांच्यापासून काहीच उपद्रव नाही त्या कोंडलेल्या. येथे रोकेया यांनी गोषाच्या समर्थकांचे एकही गृहीतक नाकारलेले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुरुष अनावर आहे, स्त्रीला त्याच्यापासून धोका आहे, रक्षणासाठी भिंत हवी, ही सर्व विधाने त्यांनी जशीच्या तशी मान्य केली आणि फक्त विचारले की भिंत कोणाभोवती हवी? प्रतिपक्षाच्या प्रमाणांवरून प्रतिपक्षाला नको असलेला निष्कर्ष काढण्याची ही रीत न्यायशास्त्राच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. पुरुष बलवान म्हणून तो राज्य करणार, या म्हणण्याला सिंहाचे उदाहरण, आणि त्याचा मेंदू मोठा या म्हणण्याला हत्तीचे, अशी उत्तरे पाठोपाठ येतात. कचेरीचे काम बायका दोन तासांत कसे उरकतात याचा हिशेब तर चिरुटांवर मांडलेला आहे: एक चिरूट जळावयास अर्धा तास, दिवसाचे बारा, म्हणजे सहा तास धुरात गेले. मॅजिस्ट्रेटाच्या गृहिणीने कचेरीचे जग किती जवळून पाहिले असेल, त्याची ही खूण मानावयास हरकत नाही.

एवढ्यावरच कथा थांबती, तर ती उत्तम प्रहसन ठरली असती. परंतु उलटापालट टिकवून धरावयाची तर तिला आधार हवा, आणि तो आधार रोकेया यांनी विज्ञानाचा दिला. स्त्रिया स्वयंपाकघराबाहेर पडल्या तर रांधणार कोण, हा त्या काळातील सर्वांत हमखास आक्षेप. नारीस्थानात (बंगाली आवृत्तीत या राज्याचे हेच नाव आहे, आणि त्यातील ‘हिंदुस्थान’चा प्रतिध्वनी उघड आहे) सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, धूर नाही, कोळसा नाही, धुराडे नाही. तेथे रांधणारे पुरुष आहेत, आणि पाहुणीला स्वयंपाकघर दाखवायचे म्हणून त्यांना आधी बाजूला व्हावयास सांगितलेले असते. हा शेवटचा तपशील किती सहज येऊन जातो! याखेरीज आकाशातून पाणी ओढून घेणारा नळ्यांचा फुगा आहे, विजेवर चालणारी शेती आहे, हवेतून जाणारे वाहन आहे. राइट बंधूंचे पहिले उड्डाण डिसेंबर १९०३ मधले, हे ध्यानी घेतले म्हणजे लेखिकेचे डोळे वर्तमानपत्रांवर होते हे कळते. सूर्याच्या उष्णतेचा उपयोगही निव्वळ परीकथा नव्हती. मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स यांनी आरशांच्या मांडणीने वाफेचे यंत्र चालविण्याचे व अन्न शिजविण्याचे प्रयोग करून १८७८ मध्ये त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले होते. त्या प्रयोगांचा व या कथेचा संबंध जोडण्याचे कारण नाही; मुद्दा इतकाच की रोकेया यांचे अद्भुत हे शक्यतेच्या उंबरठ्यावरचे आहे.

मात्र यंत्रांची ही यादी पाहून कथेची गणना यांत्रिक चमत्कारांच्या कथांत करणे ही चूक ठरेल. बंगालीत विज्ञानाश्रित कल्पनारंजन तेव्हा सुरू झाले होते. जगदीशचंद्र बसू यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये केशतेलाच्या बाटलीने समुद्रावरचे वादळ शमविणारी गमतीदार कथा लिहिली होती. तेथे चमत्कार हाच विनोद आहे. रोकेया यांच्या कथेत प्रत्येक यंत्रामागे एक संस्था आहे. क्रम लक्षात घ्यावा. तेरा वर्षांची राणी गादीवर येते. ती मुलींचे शिक्षण सुरू करते. एकवीस वर्षांच्या आत कोणत्याही मुलीचे लग्न होऊ नये असा कायदा करते. मग स्त्रियांची दोन विद्यापीठे निघतात. त्यांतले एक पाण्याचा फुगा शोधून काढते, दुसरे उष्णता साठविण्याचे साधन. पुरुष त्या वेळी सैन्य वाढविण्यात गुंतलेले असतात आणि बायकांच्या या उद्योगाची टर उडवितात. शेवटी शेजारच्या राज्याशी युद्ध जुंपते, पुरुषांचा पराभव होतो, आणि दोन हजार विद्यार्थिनी साठविलेला सूर्यताप शत्रूवर सोडून त्याला पळवून लावतात. त्यापूर्वी एक अट घातलेली असते: स्त्रियांना बाहेर पडावयाचे आहे, तेव्हा गोषाची मर्यादा राखण्यासाठी पुरुषांनी जनानखान्यात जावे. पराभूत, थकलेले पुरुष मुकाट्याने आत जातात, आणि मग बाहेर येतच नाहीत. म्हणजे आधी शाळा, मग लग्नाचे वय, मग विद्यापीठ, मग यंत्र आणि सर्वांत शेवटी सत्ता. ज्या देशात १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ही मर्यादा दहावरून बारावर नेताना एवढे मोठे वादळ उठले, त्या देशात अवघ्या चौदा वर्षांनी एकवीस हा आकडा छापला जात होता. तो आकडा कल्पितात होता म्हणूनच छापला गेला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या अनुमानास आधार आहे, आणि तो रोकेया यांच्याच लेखनात सापडतो. १९०४ मध्ये ‘नवनूर’ या बंगाली मासिकात त्यांनी स्त्रियांच्या अवनतीवर एक निबंध लिहिला. अलंकारांना त्यांनी दास्याच्या बेड्या म्हटले, तेथवर लोकांनी कपाळाला आठ्या घालून का होईना वाचले. परंतु धर्मशास्त्रांच्या नावाने चालणारे नियमही पुरुषांनीच रचलेले आहेत, अशा आशयाचा मजकूर त्यात होता आणि त्यावर मोठा क्षोभ झाला. निबंध ‘मतिचूर’ या संग्रहात घेताना तो मजकूर त्यांना गाळावा लागला. आता कथेकडे पाहावे. नारीस्थानचा धर्म कोणता, असे निवेदिका विचारते. प्रेम आणि सत्य यांवर आमचा धर्म उभा आहे, एवढेच उत्तर मिळते. शास्त्राचे नाव नाही, आचार्यांचे नाही, वाद नाही. निबंधात जे विधान आक्षेपार्ह ठरून कापले गेले, तेच कथेत एका सौम्य वाक्याचा बुरखा घेऊन राजरोस फिरते आहे. स्वप्नाला जाब विचारता येत नाही. त्यातून ते परभाषेत, दूरच्या मद्रासेत, मुख्यतः सुशिक्षित स्त्रियांनी वाचावयाच्या मासिकात आलेले. अद्भुताने येथे दुहेरी काम केले: जे दिसत नव्हते ते दाखविले, आणि जे बोलता येत नव्हते ते बोलण्यास आडोसा दिला.

हा आडोसा नसता तर काय होते, याचे उत्तर मराठी साहित्याच्या इतिहासात आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये पुण्यात ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून घेतले. सुरतेच्या विजयलक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल झालेली शिक्षा आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर धरलेले शस्त्र, हे त्यामागचे तात्कालिक कारण. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. ताराबाईंची रीत रोकेया यांच्या रीतीची सख्खी बहीण आहे. स्त्रीवर जो जो दोष ठेवला जातो तो तो घेऊन त्या पुरुषाच्या पारड्यात टाकतात आणि वजन पाहावयास सांगतात. शीर्षकातील ‘तुलना’ हा शब्द तराजूचा आहे, हे विसरू नये. पण ताराबाई समोरासमोर बोलतात. त्यांच्या भाषेला धार आहे, शिवीगाळीच्या काठापर्यंत जाणारा संताप आहे, आणि कसलाही पडदा नाही. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली तरी टीकेचा मारा झाला तो झालाच, त्या पुस्तकानंतर त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही, आणि हेही १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणीपर्यंत विस्मृतीत पडून होते. रोकेया यांची कथा मात्र हसत हसत वाचली गेली. यावरून ताराबाईंचे लेखन कमी प्रतीचे ठरत नाही. उलट वाङ्मयीन तेजाच्या दृष्टीने ते अधिक प्रखर आहे. फरक पत्करलेल्या जोखमीचा आहे.

आता सुडाच्या प्रश्नाकडे वळावयास हवे. नारीस्थानात भिंत पडलेली नाही. ती फक्त सरकलेली आहे. कोंडणे हे वाईट असेल तर पुरुषांना कोंडणे चांगले कसे? या आक्षेपाला कथेचे समर्थक सामान्यतः असे उत्तर देतात की ती उपरोधकथा आहे, आराखडा नव्हे. हे उत्तर अर्धेच खरे आहे. उपरोधाचा धागा कथेत सबंध आहे. याची उत्तम साक्ष म्हणजे पोलिस कमिशनर व मॅजिस्ट्रेट यांच्या अर्जाचा प्रसंग. सेनाधिकारी अपयशी ठरले म्हणून त्यांना कोंडणे ठीक. आम्ही आमच्या कामात कधी कसूर केलेली नाही, तेव्हा आम्हांला आमच्या जागा परत मिळाव्यात, असा त्यांचा अर्ज. राणीकडून कळविले जाते की गरज पडल्यास बोलावू, तोवर आहात तेथेच असावे. सरकारी खलित्याची ही भाषा इतकी अचूक साधली आहे की हसू आवरत नाही. आणि हसता हसता वाचकाला कळून चुकते की ‘आहात तेथेच असावे’ हे उत्तर स्त्रियांना किती पिढ्या मिळत आले. परंतु कथेचा काही भाग उपरोधाचा नाही. दुष्काळ नसलेला, साथी नसलेला (१८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्लेगच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या), बागेसारखा देश लेखिकेला मनापासून हवा आहे. हवेहवेसे आणि हास्यास्पद यांची सरमिसळ झाल्यामुळे भिंत कोणत्या खात्यात जमा धरावयाची याचा निर्णय वाचकावर पडतो. हा दोष आहे असे म्हणणे जड जाते. मात्र ती अडचण आहे, आणि ती नाकारू नये.

दुसरी उणीव अधिक खरी आहे. या राज्यात झाडलोट कोण करते? दोन विद्यापीठे आहेत, प्राचार्या आहेत, राणी आहे. मोलकरीण नाही, कोळीण नाही, विणकरीण नाही. गोषा ही मुख्यतः संपन्न घरांची रूढी होती, आणि स्वप्न ज्या खुर्चीत पडले ती आरामखुर्ची होती. यंत्रांनी श्रम नाहीसे केले म्हणताना श्रम करणाऱ्या बायकाही चित्रातून नाहीशा झाल्या. मराठीत काशीबाई कानिटकर यांनी ‘पालखीचा गोंडा’ (१९२८) या कादंबरीत एका संस्थानाचा कारभार स्त्रियांच्या हाती सोपविला, तेव्हा त्यांनाही राज्यापर्यंतची वाट राजवाड्यातूनच काढावी लागली: राज्य चालविण्यास असमर्थ अशा संस्थानिकाशी विवाह झालेली रेवती राणी म्हणूनच सत्तेवर येते. तेथे यंत्रे नाहीत, स्वप्न नाही. संस्थानी कारभाराचा परिचित चौकटीतला तपशील आहे. कल्पनेला उड्डाण कमी आणि प्रशासनाला जागा अधिक. मच्छिंद्रनाथांच्या स्त्रीराज्याला कधी न मिळालेले दप्तर दोघींनीही त्याला दिले, एकीने वेधशाळेसह आणि दुसरीने दरबारासह.

मराठी विज्ञानकथा पुढे वेगळ्या दिशेने गेली. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘धूमकेतू’ ही कथा येथे तुलनेसाठी घेण्यासारखी आहे. कलकत्त्याचा एक हौशी आकाशनिरीक्षक धूमकेतू शोधतो, तो पृथ्वीवर आदळण्याचा संभव निर्माण होतो, शास्त्रज्ञ गुप्तपणे त्याचा मार्ग बदलतात; आणि संकट टळल्याचे श्रेय निरीक्षकाच्या घरी मात्र पत्नीने नातवाच्या हातून करविलेल्या शांतिकर्माला मिळते. कथेचा शेवट कडवट आहे. विज्ञानाने पृथ्वी वाचविली, पण एक घर बदलले नाही. रोकेया यांची श्रद्धा याच्या नेमकी उलट होती. त्यांच्या मते घर आधी बदलावे लागते, त्यानंतरच विज्ञान उपजते. आणखी एक भेद नजरेआड करता येत नाही. ‘धूमकेतू’मध्ये अंधश्रद्धेची वाहक घरातील स्त्री आहे आणि विवेकाचा वाहक पुरुष. ही वाटणी मराठी विज्ञानकथेत इतकी सवयीची झाली की तिच्याकडे बोट दाखविणे उगाच खोड काढल्यासारखे वाटते. १९०५ मधील एका कथेने प्रयोगशाळेची किल्ली प्राचार्येच्या कमरेला लावली होती, हे आठवले म्हणजे तसे वाटेनासे होते.

कथेनंतरचे रोकेया यांचे आयुष्य त्या किल्लीसाठी खर्ची पडले. पतीच्या निधनानंतर १९०९ मध्ये त्यांनी भागलपुरात पाच मुलींची शाळा काढली. तेथून निघावे लागल्यावर १६ मार्च १९११ रोजी कलकत्त्यात आठ मुलींनिशी ‘सखावत मेमोरियल’ शाळा पुन्हा उभी केली. या शाळेच्या चालिकेने स्वतः बुरखा पाळला, कारण नाही तर पालकांनी मुली पाठविल्या नसत्या. ‘अवरोधवासिनी’ या १९३१ मधील पुस्तकात गोषाच्या सत्तेचाळीस हकीकती आहेत. कल्पित एकही नाही. रेल्वे स्टेशनावर गाडीत चढताना बुरखा अडकून एक बाई फलाटाखाली पडते. परपुरुषाने हात लावता कामा नये म्हणून दासी कोणालाच मदतीस येऊ देत नाही. गाडी थांबण्याइतका वेळ थांबते आणि मग निघते. ही हकीकत रोकेया कोणतेही भाष्य न करता सांगतात. आणि एक हकीकत त्यांच्या शाळेच्या मोटारीची आहे. मुलींना आणण्यासाठी जी गाडी केली, तिला गोषासाठी सर्व बाजूंनी इतके बंद केले होते की आत हवा जाईना. लहान मुली घाबरून रडू लागल्या, काही बेशुद्ध पडल्या. तेव्हा झडपा काढून त्या जागी पडदे लावले. थोड्याच दिवसांत तक्रारी आल्या: वाऱ्याने पडदे उडतात, गाडी बेपर्दा आहे, असेच चालणार असेल तर मुली शाळेत येणार नाहीत.